झाडीचा प्लॉट मोकळा करताना: खर्च आणि कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर
प्लॉट साधारण २००० चौरस मीटरचा. अर्ध्याहून जास्त भागात दाट झाडी, उरलेल्यात काटेरी झुडपं, आणि मागच्या बाजूला उतार. घर बांधायचंय, पण आधी जागा दिसायला हवी.

दर गावागणिक बदलतात, म्हणून इथे पैशाचे आकडे लिहीत नाही. जागा मोकळी करण्यासाठी ठरवलेली रक्कम १०० भाग धरली आहे. वाटणी अशी: मोजणी आणि परवानगी ८, झुडपं आणि वेली ७, झाडं पाडणं ३५, बुडखे काढणं २०, लाकूड-फांद्या हलवणं १२, माती आणि सपाटीकरण १८. याशिवाय २० भाग वेगळे, अडीअडचणीला. हे २० कोणत्याही कंत्राटदाराला सांगायचे नाहीत, असं घरात ठरलंय.

१४ ऑक्टोबर
हद्दीच्या खुणा मोजणीवाल्याकडून ताज्या करून घेतल्या. एका कोपऱ्यात आम्ही ज्याला आपलं समजत होतो ते मोठं झाड शेजारच्या हद्दीत निघालं. मोजणीचे पैसे तिथेच वसूल.

मग झाडांची यादी. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेपने घेर घ्यायचा, ३.१४ ने भागलं की व्यास. घेर १२६ सेंटीमीटर म्हणजे व्यास ४०. ही यादी कंटाळवाणी आहे, पण पुढे परवानगी, कोटेशन, इंजिनिअर आणि लाकूड घेणारा, सगळे हीच मागतात. एकदाच नीट करावी.

लाल रंग तोडायच्या झाडांना, निळा राखायच्या, पिवळा 'बघू'. आधी रिबिनी बांधल्या होत्या, त्या वाऱ्याने आणि माकडांनी आठवड्यात संपवल्या. आता तेलरंग. खूण दोन ठिकाणी करतेय: एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. झाड पडल्यावर वरची खूण ओंडक्याबरोबर जाते, बुडाची मागे राहते, म्हणजे सांगितलेलंच झाड तोडलं का ते नंतरही पडताळता येतं. खिळा ठोकून पाटी लावू नका. करवतीच्या पात्याला खिळा लागला की लाकूड घेणारा संपूर्ण ओंडकाच नाकारतो.

२२ ऑक्टोबर
झाडं तोडायच्या आधी मातीचे खड्डे घेतले. छोटं मशीन आत जाईल एवढीच वाट केली. क्रम उलटा वाटतो, पण जमीन पाया धरणारी नसेल किंवा सांडपाणी जिरवणारी नसेल, तर घराची जागा सरकते, आणि मग भलतीच झाडं तोडलेली असतात.

वरची २० सेंटीमीटर काळसर, मुळांनी भरलेली माती. त्याखाली चिकणमाती. इंजिनिअरने ती हातात मळून लांब वळी केली, ती तुटली नाही, तेव्हा त्याचा चेहरा जरा गंभीर झाला. अशी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. मोठी झाडं इतकी वर्षं तिच्यातलं पाणी ओढत आली आहेत. ती काढली की माती हळूहळू पाणी धरते आणि वर उचलली जाते, आणि हे एका पावसात नाही, काही वर्षं चालतं. म्हणजे झाड आज तोडलं तरी त्याचा पायावरचा परिणाम नंतर दिसू शकतो. त्याने तोडायच्या झाडांची जागा, जात आणि घेर मागितला, पायाची खोली त्यावरून ठरवणार. यादी तयार होती.

याच भेटीत घर ४ मीटर पुढे सरकलं आणि आत येणारा रस्ता वळला. वळलेल्या रस्त्यामुळे लाल खुणांची दहाएक झाडं निळी झाली. संबंध कामातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती ही, पेन्सिलने झाली.

३ नोव्हेंबर
कोटेशन आली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत दुपटीहून अधिक फरक. आधी वाटलं कोणीतरी लुटतंय. मग शेजारी ठेवून ओळ-ओळ वाचली, तर प्रत्येकजण वेगळ्याच कामाचा भाव देत होता.

स्वस्तवाल्याच्या कागदावर 'झाडतोड' एवढा एकच शब्द. विचारल्यावर कळलं: पाडणार, फांद्या छाटणार आणि तिथेच ठेवून जाणार. बुडखे नाहीत, उचल नाही. मधल्याने बुडखे धरले होते, पण दळून, म्हणजे जमिनीखाली २०-३० सेंटीमीटरपर्यंत भुगा करून. बागेत ते चालतं. घराखाली नाही. खाली राहिलेली मुळं कुजतात, पोकळी होते, वरची जमीन बसते. महागाच्या कोटेशनमध्ये मुळासकट उपटणं आणि खड्डे भरणं होतं, पण भराव दाबून की नुसता ढकलून, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका पाठवली. बुडखा कुठे उपटायचा, कुठे दळायचा, उपटलेला कुठे जाणार, खड्ड्याचा भराव किती जाडीच्या थरांत, फांद्यांचं काय, मशीन आणण्या-नेण्याचे पैसे भावात आहेत की वरून, पावसाने मशीन उभं राहिलं तर तास कोणाचे, राखलेल्या झाडाला धक्का लागला तर काय. उत्तरं आल्यावर तिघांचे आकडे बरेच जवळ आले. सर्वांत स्वस्त होता तो आता सर्वांत महाग.

तासावर की ठोक? झाडं पाडायचं ठोक दिलं, कारण यादी पक्की आहे. बुडख्यांचं तासावर, कारण जमिनीत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि ठोक भावात मशीनवाला ती भीती मिळवूनच आकडा सांगतो. तासावर असेल तर मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी मीटरचा फोटो काढायचा. भांडणं वाचतात.

१८ नोव्हेंबर
परवानगीच्या फेऱ्या. अर्ज सोपा होता, वेळ खाल्ला दोन गोष्टींनी. काही झाडं संरक्षित जातींची निघाली, त्यांच्यासाठी वेगळी पाहणी. आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात तोड करू नका अशी अट. ही अट आधी कळली नसती तर मशीन बुक करून बसलो असतो. नियम जागोजागी वेगळे असतात, पण विचारायचा क्रम एकच: आधी परवानगीची तारीख, मग मशीनची. एका ढोलीत घुबड राहतं. ते झाड तसंही कडेला होतं, निळं केलं.

२७ नोव्हेंबर
झुडपं आणि वेली. ७ भाग धरले होते, १० लागले.

वेली आधी बुडाशी कापून सोडून दिल्या होत्या, म्हणजे वाळतील आणि वजन कमी होईल. वाळल्या, पण सुटल्या नाहीत. जाड वेल चार-पाच झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून ठेवते; एक पाडायला जावं तर दुसऱ्याची फांदी मोडून खाली येते. त्यामुळे तोडणाऱ्यांनी प्रत्येक झाडाचा शेंडा खालून बघून, कोणकोण बांधलंय ते आधी खडूने लिहिलं. त्यात गेलेला वेळ वाया नाही असं माझं मत आहे.

झुडपात जुन्या कुंपणाची तार सापडली. काही खोडांच्या पोटात ती शिरलेली, वर साल चढलेली, बाहेरून नुसती एक आडवी वळकटी दिसते. अशा खोडांवर पांढरी फुली केली, लाकूड म्हणून विकायची नाहीत आणि त्या उंचीवर करवत घालायची नाही. पालापाचोळ्याखाली एक अर्धा बुजलेला खड्डाही निघाला, मशीनचं चाक जाईल एवढा. म्हणून हा टप्पा घाईत उरकू नये. झुडपं हाताने काढताना जे सापडतं ते मशीनने काढताना मोडतं.

९ डिसेंबर
राखायच्या झाडांभोवती कुंपण. हिशोब: खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्या. ४० सेंटीमीटर व्यासाला ४.८ मीटर. हे वर्तुळ कागदावर काढल्यावर मशीन फिरायला जागाच उरेना, म्हणून आणखी दोन झाडं नाइलाजाने लाल झाली. ती राखल्यासारखी दाखवून मुळं तुडवली असती तर दोन-चार वर्षांत वठली असती, आणि तेव्हा शेजारी घर उभं असताना ती उतरवायचा खर्च कैक पट.

बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच असतात. अवजड मशीन एकदा ओल्या जमिनीवरून गेलं तरी माती घट्ट होते, हवा-पाणी बंद. म्हणून रस्सी नाही, खांब रोवून जाळी. रस्सी मशीनवाल्याला सूचना वाटते, जाळी अडथळा वाटतो.

आतल्या रस्त्यावर खडी पसरली. पुढे घराचा ट्रकरस्ताही हाच, त्यामुळे हा खर्च बांधकामाच्या खात्यात टाकला.

१६ डिसेंबर
तोड सुरू. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तोडणाऱ्याशिवाय कोणी नको, हा नियम मुकादमाने पहिल्याच सकाळी सगळ्यांना ऐकवला, मलाही. मी चहाचा कप घेऊन बरीच आत उभी होते.

दुपारी वठलेलं झाड. हेच सर्वांत धोकादायक. ओलं झाड बुडाशी न कापता सोडलेल्या लाकडाच्या पट्टीवर बिजागरीसारखं वळून पडतं, दिशा देता येते. वठलेल्याची पट्टी मधेच तुटते, शिवाय हादऱ्याने वरची सुकी फांदी सरळ खाली येते. मुकादमाने करवत लावायला नकार दिला, पोकलेनने लांबून ढकललं. अर्धा तास मशीनचा जास्त गेला. कोणी तक्रार केली नाही.

तिसऱ्या प्रहरी एक झाड दुसऱ्याच्या दुबेळक्यात अडकलं. अडकलेलं झाड तसंच सोडून जेवायला जाऊ नये, आणि ज्याच्यावर अडकलंय ते कापून सोडवू तर मुळीच नये. साखळी लावून बुडाकडून ओढून काढलं.

ओंडक्यांची रास कुठे लावायची ते आदल्या दिवशीच ठरवायला हवं होतं. रास नेमकी घराच्या जागेवर लागली आणि सगळी पुन्हा हलवावी लागली. हलवण्याच्या १२ भागांतले जवळपास ३ असे नुसतेच इकडून तिकडे करण्यात गेले.

२३ डिसेंबर
लाकडाच्या पैशावर अनेकजण बजेट बांधतात. आमच्या हाती काय आलं ते सांगते.

४० सेंटीमीटर व्यासाचं, १५ मीटर उंच झाड घ्या. बुडाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मीटर, गुणिले उंची, गुणिले ०.४५, कारण खोड वर निमुळतं होत जातं. आलं सुमारे ०.८५ घनमीटर. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला एक टनाच्या आसपास धरलं तर एकट्या खोडाचं वजन ८०० किलोच्या वर. फांद्या वेगळ्या. एवढा माल पाहून वाटतं पैसाच पैसा. पण घेणाऱ्याला ठरावीक लांबीचे, सरळ, बिनखिळ्याचे ओंडके हवेत, तेही ट्रक उभा राहील तिथे रचलेले. आमचे बरेच ओंडके मजुरांनी उचलायला सोपे म्हणून आखूड कापले होते. ते सरपणाच्या भावाने गेले. जमा झाले ३ भाग. कापायच्या आधी घेणाऱ्याला बोलावून लांबी विचारली असती, तर थोडे जास्त मिळाले असते, पण तरीही तोडीचा खर्च निघाला नसता.

फांद्यांसाठी चिपर, म्हणजे चुरा करणारं मशीन, भाड्याने. १ घनमीटर भरीव लाकडाचा सैल चुरा अडीच-तीन घनमीटर होतो, पण फांद्यांच्या ढिगापेक्षा कितीतरी कमी जागा घेतो. थोडा राखलेल्या झाडांखाली पसरला, १० सेंटीमीटरपेक्षा जाड नाही आणि खोडाला टेकवून नाही. चुरा खड्ड्यात भराव म्हणून टाकू का, असं एकाने विचारलं. नको. कुजतो, बसतो.

४ जानेवारी
बुडखे. इथे सगळं बजेट हललं.

पोकलेन सकाळी आलं. चालकाने खाली उतरून दोन-तीन बुडख्यांना लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "ताई, इतकं जमिनीलगत कापून घेतलंत, आता धरू कुठे?"

तोडीच्या करारात 'जमिनीलगत तोड' मीच लिहिलं होतं. साफ दिसतं म्हणून. दळायचा बुडखा असेल तर तेच योग्य. पण उपटायचा असेल तर एक-सव्वा मीटर खोड उभं ठेवतात. बकेट त्यावर लावून मागे-पुढे हलवलं की तेच खोड तरफ होतं आणि मुळं कडाकडा सुटत येतात. खोड नसेल तर चारी बाजूंनी चर खणून मूळ-मूळ तोडत जावं लागतं. उंच खोडाचा बुडखा निघायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ बिनखोडाच्याला. मीटर चालूच.

दुपारनंतर उपटायचे बुडखे कमी केले. घर आणि भोवती ३ मीटर, रस्ता, पाण्याची व सांडपाण्याची लाइन, एवढ्याच पट्ट्यात उपटायचे. बाकी सगळे दळायचे किंवा तसेच सोडायचे. बागेच्या कोपऱ्यातला बुडखा दहा वर्षं कुजत बसला तर कोणाचं काय जातं? हाच निर्णय आधी नकाशावर घेतला असता, तर चुकीच्या बुडख्यावर सकाळ गेली नसती. २० भागांचे ३३ झाले.

११ जानेवारी
उपटलेले बुडखे ही वेगळीच डोकेदुखी. प्रत्येकाला चिकटलेली माती धरून वजन प्रचंड, आणि टाकायच्या जागी वजनावर पैसे. पहिली खेप ताजीच भरून पाठवली, म्हणजे आपलीच चांगली माती पैसे देऊन फेकली. बाकीचे मुळं वर करून आठवडाभर उन्हात वाळू दिले, मग पोकलेनने उचलून एकमेकांवर आपटले. माती झडली, वजन उतरलं. तोच डंपर, जास्त बुडखे.

प्लॉटवरच मोठा खड्डा काढून पुरा, असा सल्ला दोघांनी दिला. तो नाकारला. वीस वर्षांनी तिथे गाडी उभी करायची शेड बांधायची झाली तर जमीन खचलेली मिळेल, आणि तोवर कुठे काय पुरलंय हे कोणाच्या लक्षातही नसेल.

खड्डे भरताना थर १५-२० सेंटीमीटरचे, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून दाबायचं. पहिला खड्डा मशीनवाल्याने एका दमात ढकलून वरून चाक फिरवलं. दिसायला सपाट. लोखंडी गज हाताने दाबला तर पाऊण मीटर आत. पुन्हा उकरून थरांनी भरायला लावला. तेव्हापासून गज माझ्या हातातच असतो.

१९ जानेवारी
रात्रभर पाऊस, अवकाळी. उतारावरची झुडपं मागच्या हद्दीलगत मुद्दाम शेवटपर्यंत ठेवली होती, त्यांनी बराच गाळ अडवला. जिथे मशीनने वाट पाडली होती तिथून मात्र माती शेजारच्या नाल्यात गेली. उताराला आडवा चर काढला आणि खांबांना कापड लावून गाळाचा बांध केला. कापडाची खालची कड चरात गाडली, नाहीतर पाणी त्याच्याखालून जातं. शेजाऱ्यांकडे जाऊन नाला साफ करून दिला. करारात पावसाचे तास अर्ध्या दराने ठरले होते, ते आज कामी आले.

२८ जानेवारी
वरची माती काढणं. पाया सेंद्रिय मातीवर येत नाही, त्यामुळे घर आणि भोवतीचा पट्टा मिळून १८ गुणिले २१ मीटर, म्हणजे ३७८ चौरस मीटर, २० सेंटीमीटर खोल. कागदावर ७५ घनमीटर. उकरली की माती फुलते, पाव हिस्सा जास्त धरा: सुमारे ९५. ही बाहेर न्यायची नाही, बागेला लागेल. पण ठेवणार कुठे? राखलेल्या झाडांच्या मुळांवर नाही, पाण्याच्या वाटेवर नाही, आणि ढीग २ मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर खालची माती दबून मरते. जागा शोधण्यातच सकाळ गेली. ओंडक्यांच्या राशीचा धडा इथे वापरला: ढिगाची जागा चुन्याने आखून मगच मशीन सुरू.

९ फेब्रुवारी
वारा. मोकळ्या केलेल्या कडेचं एक उंच, सडसडीत झाड मुळासकट आडवं. आजूबाजूच्या झाडांच्या आडोशाने वाढलेलं, वारा कधी झेललाच नव्हता. उंची १८ मीटर, व्यास १८ सेंटीमीटर, म्हणजे गुणोत्तर १००. ८०च्या वरची झाडं अशा नव्या कडेला बेभरवशाची. बाकी निळ्या झाडांची उंची आणि व्यास पुन्हा तपासले, आणखी तीन घराच्या टप्प्यात येतात. ती आत्ताच उतरवली, मशीन साइटवर होतं म्हणून स्वस्तात. पश्चिमेकडची जाड बुंध्याची झाडं मात्र राखली, दुपारचं ऊन तीच अडवतील.

काही बुडख्यांना धुमारे फुटलेत. तोडल्याबरोबर कापावर औषध लावायला हवं होतं, आता दर महिन्याला कोयता.

२१ फेब्रुवारी
हिशोब. कंसात आधीचा अंदाज. मोजणी-परवानगी ९ (८), झुडपं-वेली १० (७), पाडणं ३१ (३५), बुडखे ३३ (२०), हलवणं २१ (१२), माती २० (१८). एकूण १२४. लाकडाचे ३ वजा, १२१. राखीव २० संपून वर १.

पाडणं हा एकच आकडा अंदाजाच्या खाली आहे, तोही रस्ता वळवल्यामुळे. कोटेशन मागताना सगळी घासाघीस आम्ही त्याच आकड्यावर केली होती.

आज पायाची आखणी झाली. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या कॉलमच्या खड्ड्यात जुनं, कुजलेलं मूळ निघालं, हात जाईल एवढी पोकळी. कोणत्या तरी जुन्याच झाडाचं, आमच्या यादीत नसलेल्या. इंजिनिअरने तो खड्डा कडक मातीपर्यंत खाली न्यायला सांगितलाय आणि वाढीव खोली साध्या काँक्रीटने भरायची आहे. तो खर्च पायाच्या खात्यात लिहिला. उद्या उरलेल्या खड्ड्यांत गज घालून बघणार, मग काँक्रीटची गाडी सांगू.